जोखमीचे घरपोच वाटप

बँकेतील ठेवी, विमा, भविष्य निर्वाह निधी, समभाग आणि हाती राहिलेली रोकड यांत वर्षभरात जी भर पडते, तिच्यातून त्याच वर्षी वाढलेले कर्ज वजा केले की कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत उरते. भारतात ही बचत २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ११ टक्क्यांहून अधिक होती, ती २०२२-२३ मध्ये ५ टक्क्यांच्या आसपास आली. टाळेबंदीत खर्चाच्या वाटाच बंद असल्याने पहिला आकडा फुगलेला होता हे खरे. तरीही एवढी घसरण दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. लोक हलाखीत नसून कर्ज काढून घरे आणि वाहने घेत आहेत, असे केंद्रीय अर्थमंत्रालयाने त्यावर सांगितले. त्यात तथ्य आहे, मात्र त्या कर्जाच्या व्याजदरातील चढउतार कोणाच्या पदरात पडतो, या प्रश्नाला ते उत्तर शिवत नाही.

रेपो दर म्हणजे ज्या दराने रिझर्व्ह बँक व्यापारी बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर. तो उतरला तरी बँका कर्जदारापर्यंत कपात पोहोचवत नाहीत, अशी जुनी तक्रार होती. म्हणून १ ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जे बाह्य मापदंडाशी जोडणे बँकांवर बंधनकारक झाले आणि बहुतेक बँकांनी रेपोच निवडला. हेतू चांगला होता. पण मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या दहा महिन्यांत रेपो ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा बँकेचा नफा बव्हंशी सुरक्षित राहिला आणि वाढीचा सगळा भार थेट घरात येऊन पडला. २०२२ च्या सुरुवातीला ६.७५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या ३० लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे २२,८०० रुपये होतो. तेच कर्ज ९.२५ टक्क्यांनी घेतले असते तर हप्ता साडेसत्तावीस हजारांच्या घरात गेला असता. अनेक बँकांनी हप्ता न वाढवता मुदत वाढवण्याचा सोपा मार्ग धरला, आणि खरी गोम तिथेच आहे. नव्या दराने ३० लाखांवर महिन्याचे नुसते व्याजच २३,१२५ रुपये, म्हणजे जुन्या हप्त्याहून अधिक होते. मधल्या वर्षभरात थोडे मुद्दल फिटले असेल असे धरले, तरी त्या हप्त्यातून मुद्दलाच्या खात्यावर महिन्याला जेमतेम शंभर-दोनशे रुपये जमा होणार. हप्ता चुकवलेला नाही, कर्ज मात्र जागचे हललेले नाही, अशी ही अवस्था असते.

२०२५ मध्ये रेपो सव्वा टक्क्याने उतरला, तेव्हा कर्जदाराला दिलासा मिळाला; ठेवीच्या व्याजावर घर चालवणाऱ्या निवृत्तांना त्याच कपातीची झळ बसली. एकाच कुटुंबात मुलगा कर्जदार आणि वडील ठेवीदार असतील, तर हिशेब स्वयंपाकघरातच जुळवावा लागतो.

कर्जाआधीची पायरीही तितकीच उंच आहे. मुंबईत बांधकाम चालू असलेले ८० लाखांचे घर घेणाऱ्याला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच, म्हणजे ६४ लाख रुपये देऊ शकते. उरलेल्या १६ लाखांवर ६ टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख ८० हजार, वस्तू व सेवा कराचे ४ लाख आणि नोंदणीचे ३० हजार धरले, की गृहप्रवेशाच्या नारळाआधीच २५ लाखांहून अधिक रक्कम रोख उभी करावी लागते. ५ टक्क्यांऐवजी १ टक्का कर लागतो तो ‘परवडणाऱ्या’ घराला, आणि त्याची ४५ लाखांची कमाल मर्यादा २०१९ मध्ये ठरलेली आहे. महानगरात ६० चौरस मीटर चटई क्षेत्राचे घर त्या रकमेत दाखवण्याचे आव्हान धोरणकर्त्यांनी एकदा स्वीकारावेच.

एवढी रक्कम ठेवीच्या व्याजावर जमत नाही, म्हणून बचत बाजाराकडे वळली. मार्च २०२० मध्ये सुमारे ४ कोटी असलेली डीमॅट खाती, म्हणजे समभाग इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवण्याची खाती, ऑगस्ट २०२३ मध्ये १२ कोटींच्या पुढे होती. म्युच्युअल फंडातील दरमहा शिस्तीच्या गुंतवणुकीबद्दल तक्रार नाही. मात्र शेअर हाती न घेता त्याच्या भावी भावावर पैज लावण्याचा जो वायदे-पर्यायांचा व्यवहार आहे, त्यात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक झाला, असे बाजार नियामक ‘सेबी’च्याच पाहणीत आढळले. खातेसंख्येच्या वाढीला समृद्धीचा पुरावा मानणाऱ्यांनी हा आकडाही शेजारी मांडायला हवा.

नव्या करप्रणालीत दर कमी आहेत, परंतु स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जव्याजाची वजावट आणि विमा-भविष्य निर्वाह निधीतील बचतीवरची करसवलत या दोन्ही गोष्टी तिच्यात निकालात निघाल्या. बचत करायची की नाही, कुठे करायची आणि बुडाली तर काय, हे सारे आता ज्याच्या त्याच्यावर सोपवलेले आहे. निदान त्याला स्वतःच्या कर्जाची स्थिती तरी कळावी. व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याचा पर्याय कर्जदाराला द्यावा, हप्त्यातून किमान व्याज तरी भागेल हे पाहावे आणि दर तिमाहीला कर्जाचे विवरण उपलब्ध करावे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आहे. ‘उपलब्ध’ या शब्दात पळवाट आहे: ॲपच्या चौथ्या पडद्यामागे इंग्रजीत पडलेले विवरणही उपलब्धच असते. ते दर तिमाहीला मराठीतून, उरलेले मुद्दल आणि उरलेले हप्ते ठळक छापून, कर्जदाराच्या पत्त्यावर पोहोचते करण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने करावी.