पाहुण्याला ‘येऊ नका’ म्हणताना

वऱ्हाडाला साहित्य संमेलनाचे यजमानपद नवे नाही. १९८१ साली अकोल्यात गो. नी. दांडेकर आणि १९८९ साली अमरावतीत के. ज. पुरोहित अध्यक्ष होते. म्हणूनच जानेवारी २०१९ मध्ये शेजारच्या यवतमाळला जे घडले, ते माझ्यासारख्या वऱ्हाडी वाचकाच्या जिव्हारी लागले.

उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना रीतसर निमंत्रण गेले होते. २०१५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार परत करणाऱ्या या लेखिकेचे वडील रणजित पंडित मराठी. इंग्रजी लेखिका मराठी संमेलनाला कशाला, असा सवाल मनसेच्या स्थानिक मंडळींनी केला, संमेलन उधळण्याचा इशारा दिला आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. पुढे खुद्द राज ठाकरे यांनी आपला विरोध नसल्याचे सांगितले. तरीही निमंत्रण पुन्हा गेले नाही.

सवाल गैर नव्हता. त्याची चर्चा निमंत्रणाआधी जरूर व्हावी. पण पाहुण्याला बोलावल्यावर धमकीला उत्तर म्हणून दार लावणे ही चर्चा नव्हे.

यात नुकसान कोणाचे झाले? सहगलबाईंचे नाही. त्यांचे भाषण मराठीत छापून आले, घरोघरी वाचले गेले. नुकसान झाले ते मंडपातल्या श्रोत्याचे. त्याला ते समोर बसून ऐकता आले नाही आणि न पटल्यास तसे सांगताही आले नाही.

असे नुकसान किती काळ टिकते, हे वऱ्हाडाला ठाऊक असायला हवे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. त्यावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले, तरी ताराबाईंचे दुसरे पुस्तक काही आढळत नाही. हे एकमेव पुस्तकही १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत जवळजवळ विस्मरणातच होते. नव्वदाहून अधिक वर्षे आपल्या लेकीसुना त्याला मुकल्या.

यवतमाळचा निषेध म्हणून अनेक साहित्यिकांनी बहिष्कार घातला, महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. अध्यक्षा अरुणा ढेरे मात्र गेल्या आणि व्यासपीठावरूनच त्यांनी नापसंती सांगितली. मला दोन्ही मार्ग प्रामाणिक वाटतात. जो गेला तो भेकड आणि जो गेला नाही तो राजकारणी, अशी शिक्कामोर्तब करण्याची घाई हीसुद्धा विचाराला दाबणारीच. झुंड नेहमी समोरच्याच बाजूला असते, असे थोडेच आहे?

अखेर उद्घाटन केले वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या या पत्नीने एकट्या बाईचे जगणे रोखठोक मांडले. ते ऐकणाऱ्यालाही सोपे नव्हते, पण मंडपाने ऐकले. म्हणजे अवघड बोल ऐकण्याची ताकद आपल्या माणसांत आहे. कमी पडला तो यजमानांचा धीर. यापुढे बोलावण्याआधी हवे तेवढे भांडावे. बोलावल्यावर मात्र ऐकून घ्यावे आणि मग खुशाल प्रश्न विचारावेत.