फासे टाकणाऱ्यांच्या बाजूने



चाळिशी ओलांडलेले मित्र जमून ‘द एक्सपान्स’ या अंतराळ-मालिकेवर वाद घालतात, फासे टाकून भूमिकांचे खेळ खेळतात, याची गेल्या अंकातील एका पत्रात पोरकटपणा म्हणून टर उडवली आहे. पत्रलेखकांनी नेमकी चुकीची मालिका निवडली.

इथे लेझरच्या तलवारी नाहीत. यानात वजन जाणवतं ते इंजिनाच्या रेट्याने, म्हणून मजले इमारतीसारखे एकावर एक. निम्म्या वाटेवर यान उलटं फिरवून वेग मारावा लागतो. लघुग्रहांच्या पट्ट्यात वाढलेल्यांना पृथ्वीवर उभं राहणंही यातनामय, आणि पाणी-हवा कुणाच्या मुठीत यावरून राजकारण पेटतं. हे बालवाङ्मय? मालिकेतल्या शिवराळ राजकारणी क्रिसजेन अवसराला यांना घरातल्या बाळगोपाळांना दाखवून पाहाच!

फाशांचं म्हणाल, तर हे विश्व टाय फ्रँक यांनी मुळात खेळासाठीच रचलं. डॅनियल अब्राहम त्या खेळात आले आणि दोघांनी जेम्स एस. ए. कोरी या टोपणनावाने २०११ ते २०२१ दरम्यान नऊ कादंबऱ्या लिहिल्या. म्हणजे ज्या उद्योगाला पत्रलेखक रिकामटेकडेपणा म्हणतात, त्यातूनच आधी कादंबऱ्या आणि मग ही मालिका आली. २०१८ मध्ये मूळ वाहिनीने ती गुंडाळली, तेव्हा ती वाचवण्यासाठी चाहत्यांनी अ‍ॅमेझॉनच्या स्टुडिओवर फलक लावलेलं विमान फिरवलं. पुढे अ‍ॅमेझॉनने आणखी तीन पर्वं काढली.

थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या यानांच्या प्रतिकृतींनी आमची कपाटं भरतात, हे मात्र मान्य. आणि सहावं पर्व सहाच भागांत उरकलं, अशी तक्रार पत्रलेखकांनी केली असती, तर खाली मीही सही केली असती.

– एक वाचक, पुणे