आजारी कोंबडी बाजारात नको, डालग्याखाली हवी

पिसे फुलवून, डोळे अर्धवट मिटून खुराड्याच्या कोपऱ्यात उभी राहिलेली कोंबडी दिसली, की खेड्यातील घरात बहुधा दोनच विचार होतात : आजच कापावी, की बाजाराच्या दिवसापर्यंत तग धरते काय ते पाहावे. तिला औषधपाणी करावे, हा तिसरा विचार क्वचितच होतो. बैल आजारी पडला तर रात्री-अपरात्री डॉक्टरांच्या दारी धावणारे घर कोंबडीसाठी उंबरठा ओलांडीत नाही. कोंबडीची किंमत ती काय, असा त्यामागील हिशोब असतो. हा हिशोब चुकीचा आहे आणि त्याचा तोटा एका घराला नव्हे, सबंध गावाला सोसावा लागतो.

परसातील पाच-सहा कोंबड्या पुष्कळ ठिकाणी गृहिणीच्या मालकीच्या असतात. अंड्यांचे पैसे तिच्या हाती पडतात आणि मीठ-मिरची, मुलांच्या वह्या यांची सोय त्यांतून होते. त्यांपैकी एखादी कोंबडी तर घराच्या लळ्याची असते. मुलांनी तिला नाव ठेवलेले असते व हाक मारताच ती पायांत घोटाळते. मोठी माणसे या लळ्याला हसतात. पण रोगाच्या दृष्टीने तो फार उपयोगाचा आहे. कोंबडी आपले दुखणे शेवटपर्यंत लपविणारा पक्षी आहे. ती आज दाण्यावर आली नाही, तिचा तुरा फिका दिसतो, ही गोष्ट तिला रोज हातावर चारणाऱ्या पोरीच्याच ध्यानात प्रथम येते. तिचे म्हणणे घरातील वडीलधाऱ्यांनी ऐकून घ्यावे.

आजारी पक्षी बाजारात नेण्याने काय होते, हे मानमोडीवरून स्पष्ट होते. हा रोग १९२६ साली जावा बेटात व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे प्रथम ओळखला गेला. त्यानंतर थोड्याच काळात तो कुमाऊंमधील राणीखेत येथे आढळला, म्हणून आपल्याकडे त्यास राणीखेत हेच नाव पडले. पक्षी चोच उघडून धापा टाकतो, हिरवट पातळ हगतो, पाय वा पंख लुळे पडतात आणि मान पिळवटते. या रोगावर उतारा पडेल असे औषध आजही नाही. त्याचे विषाणू विष्ठेतून, श्वासातून व चोचीच्या पाण्यातून बाहेर पडतात आणि टोपलीला, दोरीला, माणसाच्या वहाणांना चिकटून गावोगाव जातात. दहा कोंबड्यांच्या टोपलीत एक रोगट कोंबडी घातली, म्हणजे विकणाऱ्याला चार पैसे मिळतात खरे. परंतु बाकीच्या नऊ ज्या नऊ घरी जातील तेथे रोगाचे बी पेरले जाते. घेणाऱ्यानेही नवा पक्षी दोन-तीन आठवडे निराळा ठेवल्याशिवाय आपल्या कळपात सोडू नये, कारण रोग अंगात शिरल्यावर काही दिवस पक्षी धडधाकटच दिसतो.

तेव्हा पहिले काम कोंबडी निराळी करण्याचे. घरापासून काही अंतरावर, सावलीत, कोरड्या जागी डालगे उपडे घालून तिला त्याखाली ठेवावे. खाली राख वा भुसा पसरावा व वाऱ्याच्या बाजूने गोणपाट लावावे. कोंबडीच्या अंगची उष्णता सुमारे ४१ अंश सेल्सियस असते. ती टिकविण्यास आजारात तिला शक्ती पुरत नाही, म्हणून ऊब महत्त्वाची. स्वच्छ पाणी सतत पुढे असावे. दाणा जात नसेल तर शिजवलेल्या मऊ कण्या थोड्या थोड्या द्याव्या. निरोगी कोंबड्यांचे चारापाणी आधी उरकून मगच आजारी कोंबडीकडे जावे, आणि नंतर साबणाने हात धुवावे. हा क्रम उलटला तर निराळे ठेवण्याचा काही उपयोग नाही.

मग तिला नीट पाहावे. पंखांखाली उवा आहेत काय? खुराड्याच्या भिंतींत चिरा असतील तर तेथे गोचीड दिवसा दडून रात्री रक्त शोषतात. त्या चिरा लिंपून घेतल्याशिवाय पक्ष्याचे अंग धरत नाही. तुऱ्यावर व डोळ्यांभोवती खपल्या असल्या तर त्या देवी होत. त्या ओरबाडू नयेत, चांगल्या निगेने बरेच पक्षी त्यांतून उठतात. लहान पिलांच्या विष्ठेत रक्त दिसले तर ती रक्ती हगवण. तिला औषध आहे, मात्र ते वेळीच मिळाले पाहिजे. आणि खालचा ओला भुसा काढून टाकला नाही तर औषधही वाया जाते.

येथे एका वाईट सवयीचा उल्लेख करणे भाग आहे. माणसांसाठी आणलेल्या औषधातील उरलेली गोळी अंदाजाने कोंबडीच्या चोचीत कोंबली जाते. विषाणूंच्या रोगावर अशी गोळी चालत नाही, आणि तिचा अंश मात्र अंड्यात उतरतो. औषध पशुवैद्यकाच्या सांगण्यावरूनच द्यावे आणि तो सांगेल तितके दिवस त्या कोंबडीची अंडी खाऊ अगर विकू नयेत.

एका रात्रीत अनेक पक्षी पटापट मेले तर मात्र घरगुती शुश्रूषेचा प्रश्नच उरत नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्ल्यू उघडकीस आला; देशातील ती पहिलीच साथ होती. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नये, ते नदीत वा उकिरड्यावर टाकू नयेत, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी या प्रश्नाची दुसरी बाजू ध्यानात घ्यावयास हवी. मानमोडीस औषध नसले तरी लस आहे : पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकपुडीत एक थेंब, आणि सुमारे आठ आठवड्यांनंतर टोचणी. परसातल्या पुष्कळ कोंबड्यांना ती मिळत नाही, याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. लसीची एक कुपी शंभर वा अधिक पक्ष्यांची असते, ती बर्फात ठेवावी लागते आणि कालविल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांच्या मालकिणीने ती एकटीने आणावी कशी? म्हणून वस्तीवरील दहा-वीस घरांची यादी करून एक दिवस ठरविणे, हे काम पशुसखी व कार्यकर्ते यांचेच आहे. तो दिवस साथ येण्याच्या आधीचा असावा, आणि वेळ पहाटेची, खुराडी उघडण्यापूर्वीची. एकदा कोंबड्या परसात पांगल्या की त्या हाती लागत नाहीत आणि कालवलेली लस तशीच राहते.