स्पर्धकाचा अभ्यास की रुग्णाच्या वाटेचा?

‘स्पर्धा’ हा शब्द वैद्यकीय व्यवसायात उच्चारणे आजही अनेकांना अप्रशस्त वाटते. आपण दुकान थाटलेले नाही, ही भावना आदरणीयच आहे. परंतु नाव घेतले नाही म्हणून स्पर्धा नाहीशी होत नाही. ती अभ्यासाविनाच आपले निर्णय ठरवू लागते. समोरच्याने नवे यंत्र घेतले की आपणही कर्ज काढतो आणि त्या हप्त्यांचा भार अखेर रुग्णाच्या बिलावर येतो. म्हणूनच स्पर्धेचे शिस्तबद्ध विश्लेषण ही मला व्यावहारिक तितकीच नैतिक गरज वाटते.

हार्वर्डचे मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये व्यवसायावर दाब टाकणाऱ्या पाच शक्ती मांडल्या : विद्यमान स्पर्धक, नवागत, पर्याय, ग्राहक आणि पुरवठादार. आपण पहिल्याच शक्तीपाशी थांबतो. बेळगावातील लहान रुग्णालयाचा स्पर्धक कोण? पलीकडच्या गल्लीतील नर्सिंग होम, हे उत्तर अपुरे आहे. रुग्ण मिरज, कोल्हापूर, हुबळी किंवा गोव्याला जाऊ शकतो. औषधाच्या दुकानातून गोळी घेऊन दिवस ढकलू शकतो. किंवा दुखणे अंगावर काढतो. हा शेवटचा पर्याय सर्वांत प्रबळ होय. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराईत अवघ्या ११ खाटांनिशी अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. त्यांची खरी स्पर्धा होती ती शस्त्रक्रियेविना राहणाऱ्या मोतीबिंदूशी. उपचार मोफत असले तरी प्रवासखर्च आणि बुडणारी मजुरी आड येते, हे ओळखून शिबिरातील रुग्णांच्या प्रवासाची व जेवणाचीही सोय करण्यात आली.

विश्लेषणाची सुरुवात आपल्याच नोंदवहीतून करावी. गेल्या तीन महिन्यांत कोणते रुग्ण बाहेर पाठवले, कुठे आणि का? फेरतपासणीस कोण परतले नाही? मग आपली व इतर पर्यायांची तुलना करावी : प्रतीक्षेचा वेळ, रात्री डॉक्टरांची उपलब्धता, दर, आयुष्मान भारत व विम्याची सोय, आणि रुग्णाला मराठीत वा कानडीत, त्याच्याच भाषेत समजावून सांगणारा माणूस. मात्र मर्यादा सांभाळावी. खोटा रुग्ण पाठवून माहिती काढणे आपल्याला शोभत नाही, आणि २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने रुग्ण पाठवण्याबद्दलचे कमिशन निषिद्ध ठरवले आहे. तेव्हा ‘ते देतात, आपणही देऊ’ हा निष्कर्षच बाद समजावा.

भागीदारांपुढे वा बँकेपुढे मांडणी करताना एक पानाचा तक्ता पुरतो. त्यात रुग्णांची नावे नसावीत. मोजलेले आणि ऐकलेले वेगवेगळे लिहावे. आपण जिथे उणे आहोत ते प्रथम सांगावे. त्यानेच पुढील दाव्यांवर विश्वास बसतो. शेवटी तीनच गोष्टी असाव्यात : काय करणार, काय करणार नाही आणि फेरआढावा केव्हा घेणार.

‘हे यंत्र घेऊ नये, त्या रुग्णांना वेळेवर योग्य ठिकाणी पाठवावे’ असा निष्कर्ष निघाला, तर तोही मी विश्लेषणाचे यशच मानतो. व्यवसायबंधूंनी वर्षातून एक बैठक अशा तक्त्यांसाठी राखून ठेवावी, अशी नम्र सूचना आहे. लहान रुग्णालये टिकायची असतील, तर शेजाऱ्याच्या इमारतीपेक्षा रुग्णाची वाट आपल्याला अधिक नीट ठाऊक असली पाहिजे.