भाडे थांबले, देणे उरले

आपत्काळात राज्यसंस्थेने दुर्बळांच्या मदतीस धावून जावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. वाद उत्पन्न होतो तो या मदतीचा भार कोणी उचलावयाचा, या प्रश्नावर. करोनाच्या साथीत घरभाड्यासंबंधी आपल्याकडे जे आदेश निघाले, त्यांनी नेमका हाच प्रश्न टाळला. त्यामुळे मालक आणि भाडेकरू या दोघांच्याही पदरी निराशा आली.

केंद्रीय गृहमंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये आदेश काढला. कामगारांकडून घरमालकांनी एक महिन्याचे भाडे मागू नये, तसेच मजुरांना अथवा विद्यार्थ्यांना घर सोडावयास भाग पाडणाऱ्या मालकावर कारवाई केली जाईल, असे त्यात बजावले होते. महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल रोजी आणखी पुढे जाऊन भाडेवसुली किमान तीन महिने लांबणीवर टाकावी व थकबाकीपोटी कोणास घराबाहेर काढू नये, अशी सूचना मालकांना केली.

या आदेशांतील शब्दयोजना लक्षात घेण्याजोगी आहे. भाडे ‘मागू नये’ आणि वसुली ‘लांबणीवर टाकावी’ असे सांगितले गेले. भाडे माफ झाले, असे कोठेही म्हटलेले नव्हते. ज्याची रोजची मजुरीच बुडाली त्याला तीन महिन्यांनी तिप्पट भाडे एकदम कोठून देता येणार, याचा विचार आदेशात नव्हता. केंद्राच्या त्याच आदेशात मालकवर्गाने कामगारांना टाळेबंदीच्या काळातील पूर्ण वेतन द्यावे, असेही कलम होते. ते १८ मेपासून मागे घेण्यात आले. म्हणजे भाडे भरण्याचे साधन गेले आणि देणे तेवढे शिल्लक राहिले.

मालकाची बाजूही विचारात घ्यावयास हवी. घरमालक म्हटला की धनिकच, ही समजूत जुनी असली तरी ती सर्वांना लागू पडत नाही. निवृत्तिवेतनाची जोड नसलेला वृद्ध एखाद्या सदनिकेच्या भाड्यावर घर चालवतो. वस्तीतील एखादी विधवा माळ्यावरची खोली भाड्याने देऊन मुलांच्या शिक्षणाचा खर्च भागवते. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते सहा महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली, तरी व्याज चालूच होते. बँकांच्या पाठीशी रिझर्व्ह बँक आणि सरकार उभे होते. खोलीच्या मालकिणीच्या पाठीशी कोणीही नव्हते.

या नियमांनी संरक्षण तरी कोणाला मिळाले? आपल्या राज्यात भाड्याने राहणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला जुन्या पागडीच्या घरांतला. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १९४० च्या पातळीवर गोठवलेल्या भाड्याचा वारसा त्याच्याकडे आहे, आणि १९९९ च्या कायद्यानेही वर्षाला केवळ ४ टक्के वाढ मान्य केली आहे. या वर्गाला नव्या संरक्षणाची गरज फारशी नव्हतीच. दुसरा वर्ग ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या नोकरदारांचा व विद्यार्थ्यांचा. मुदत संपताच जागा सोडणे, न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई देणे त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. तिसरा वर्ग कोणताही कागद नसलेल्या मजुरांचा. मुंबई उच्च न्यायालयाने निष्कासनाच्या हुकुमांची अंमलबजावणी साथीच्या काळात वेळोवेळी स्थगित ठेवली; परंतु जे प्रकरण न्यायालयाच्या पायरीपर्यंत पोहोचतच नाही, त्याला स्थगितीचा लाभ कसा मिळावा? संरक्षणाची गरज ज्याला सर्वाधिक, त्याच्यापर्यंत कायद्याचा हात सर्वांत कमी पोहोचला.

दिल्लीत तर शासनाने गरीब भाडेकरूंचे भाडे भरण्याचे आश्वासन दिले होते. मुख्यमंत्र्यांनी ते मार्च २०२० मध्ये जाहीरपणे दिले. जुलै २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी हे आश्वासन बंधनकारक ठरवले, आणि सप्टेंबरमध्ये खंडपीठाने त्या निकालास स्थगिती दिली.

अमेरिकेचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे सप्टेंबर २०२० पासून भाडे थकवणाऱ्यांच्या निष्कासनास देशव्यापी मनाई होती. ऑगस्ट २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. तथापि त्या मनाईच्या जोडीला तेथील संसदेने दोन टप्प्यांत सुमारे ४६ अब्ज डॉलरची भाडेमदत मंजूर केली होती. हा पैसा वाटण्यात प्रारंभी अक्षम्य दिरंगाई झाली. मनाई उठली तेव्हा त्यातील बहुतांश रक्कम वाटपाविना पडून होती. तरीही भाडेकरूला आसरा द्यावयाचा तर मालकाचे भाडे सार्वजनिक तिजोरीतून यावयास हवे, हे तत्त्व तेथे मान्य झाले. आपल्याकडे ते चर्चेलाही आले नाही.

जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा संमत केला. आपत्तीच्या काळात कराराची मुदत संपल्यास, आपत्ती निवारल्यानंतर एक महिन्यापर्यंत भाडेकरूस त्याच अटींवर राहू द्यावे, अशी तरतूद त्यात आहे. ती स्वागतार्ह असली तरी ‘त्याच अटींवर’ म्हणजे तेच भाडे देऊन. आणि उत्पन्न थांबलेल्या माणसाची अडचण नेमकी तीच असते.

फुकटच्या दयेचा खर्च अखेर कोणीतरी भरतच असतो. तो शासनाने भरला नाही, तर आज मालक भरतो आणि उद्या भाडेकरू. कारण एकदा पोळलेला मालक जास्त अनामत मागतो, मजुराला व विद्यार्थ्याला खोली नाकारतो, किंवा घर बंद ठेवणे पसंत करतो. पुढील आपत्ती केव्हा येईल हे सांगता येत नाही. परंतु ती येण्यापूर्वी भाडेमदतीचा एखादा कायम निधी आणि भाड्याच्या खोल्यांची साधी, विनामूल्य नोंद या दोन गोष्टी राज्यांना करून ठेवता येतील. त्या झाल्या नाहीत, तर पुन्हा एकदा एक परिपत्रक निघेल आणि मजूर पुन्हा गाठोडे डोक्यावर घेऊन गावाच्या वाटेला लागेल.