आयएल-सिक्सचा आकडा आणि लपवलेली गाठ

२०२१ ची दुसरी लाट आठवा. औशापासून लातूरपर्यंत घराघरांत ‘आयएल-सिक्स’ हा शब्द पाठ झाला होता. आकडा वाढला की नातेवाईक टोसिलिझुमॅबच्या इंजेक्शनसाठी धावत. तेच प्रथिन, इंटरल्युकिन-६, आता स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनात चर्चेत आहे.

रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी प्रथिने सोडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्युकिन-६ त्यांपैकीच एक. गाठीतील आणि तिच्या भोवतालच्या पेशीही ते सोडतात आणि त्या निरोपावर कर्करोगाच्या पेशी तगतात, पसरतात. ज्या रुग्णांच्या रक्तात ते जास्त, त्यांचा आजार पुढे गेलेला असतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. संशोधन महत्त्वाचे आहे, ते व्हायलाच हवे. पण उद्या कोणी ‘एका रक्ततपासणीत कर्करोगाचे भविष्य’ विकायला आले, तर सावध राहा.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. जो अलार्म दहा कारणांनी वाजतो, त्याच्यावर आम्ही निर्णय सोपवत नाही. इंटरल्युकिन-६ साध्या संसर्गाने वाढते. लठ्ठपणा, मधुमेह, संधिवातातही वाढलेले असते. म्हणून नेहमीच्या उपचारांचा निर्णय आजही त्यावर होत नाही. तो होतो गाठीच्या तुकड्यावरील ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्यांवर. आजार कसा वागेल आणि कोणते औषध लागू पडेल, हे दोन्ही त्या सांगतात.

पण त्याही आधी प्रश्न येतो वेळेचा. माझ्या खालाने गाठ आठ महिने लपवली. घरात मुलीचा निकाह ठरला होता, आणि अशी गोष्ट पुरुषांना सांगायची कशी, ही लाज. दाखवले तेव्हा आजार काखेत पोचला होता. तिला उशीर प्रयोगशाळेमुळे झाला नाही, आमच्यामुळे झाला. घरात तिला बोलता येईल अशी जागाच आम्ही ठेवली नव्हती.

मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या महिलांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केली, फक्त हाताने. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले : आजार लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढील महिलांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील महिलांत तसा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरी गाठ हाताला लागली की वय कोणतेही असो, लगेच दाखवायलाच हवी.

हे औशात अशक्य आहे का? महिलांच्या इज्तेमात वर्षातून एकदा प्रशिक्षित परिचारिका बोलवा. जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी दोन मिनिटे पुरुषांना सांगावे, की शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि बायकोला, आईला, बहिणीला दवाखान्यात नेणे ही आपली जबाबदारी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार होतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारची कागदे आधीच नीट करून ठेवा. बार्शीचे कॅन्सर हॉस्पिटलही आपल्याला फार लांब नाही.

नवे मार्कर येतील तेव्हा येतील. या आठवड्यात घरी एवढेच विचारा : ‘अम्मी, काही दुखतंय का, काही लपवत तर नाहीस?’