बेल्ट ‘ओके’ म्हणजे नेमकं काय?

गाडी सर्व्हिसिंगहून घरी येते तेव्हा सोबत एक लांबलचक कागद येतो. ऑइल बदललं, फिल्टर बदलला, ब्रेक साफ केले आणि मधेच कुठेतरी एक ओळ असते : ‘ड्राइव्ह बेल्ट – ओके’. पुढे बरोबरची खूण. मालक खालची बेरीज बघतो, जीएसटीचा आकडा पाहून कपाळाला आठ्या घालतो आणि कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात कोंबून टाकतो. बेल्ट ओके म्हणजे काय पाहिलं, कशाने पाहिलं, हे कोणी विचारत नाही. टायरची झीज मिलिमीटरमध्ये मोजतात, बॅटरीचे व्होल्ट मोजतात, धुराचा आकडा पीयूसीवर छापून येतो. इंजिनाबरोबर अखंड फिरणाऱ्या या पट्ट्याचा निवाडा मात्र अजून नजरेवरच होतो. तो आकड्यात व्हायला हवा.

बॉनेट उघडून इंजिनाच्या अंगाला, पुढच्या चाकाच्या बाजूने डोकावलं की बोटभर रुंदीचा काळा पट्टा चार-पाच पुल्यांना वळसे घालत गेलेला दिसतो. आतून लांबीच्या दिशेने बारीक कंगोरे, पाठ सपाट. गॅरेजात त्याला फॅन बेल्ट म्हणतात, सुट्या भागांच्या दुकानात पीके बेल्ट आणि गाडीच्या माहितीपुस्तिकेत सर्पेंटाइन किंवा ड्राइव्ह बेल्ट. क्रँकशाफ्टची पुली त्याला ओढते. तो अल्टरनेटर फिरवतो, एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो, बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप फिरवतो, आणि स्टिअरिंग हायड्रॉलिक असेल तर त्याचाही पंप.

अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात इथे व्ही आकाराचा जाड पट्टा असे. तो एकाच बाजूला वाकतो, त्यामुळे कामं वाढली की पट्टेही वाढत : एक अल्टरनेटरचा, एक एसीचा. ढिला झाला की अल्टरनेटरचा बोल्ट सैल करायचा, टॉमीने रेटायचा, अंगठ्याने दाबून ताण बघायचा आणि बोल्ट आवळायचा. जुने ड्रायव्हर डिकीत एक जादा बेल्ट टाकूनच लांबच्या वाटेला लागत. कंगोऱ्यांचा पातळ पट्टा दोन्ही बाजूंनी वाकतो, पाठीनेही पुली फिरवू शकतो, म्हणून एकट्याने सगळं काम ओढतो. १९७९ च्या फोर्ड मस्टँगपासून तो गाड्यांत रुळला. जागा वाचली, वजन वाचलं. मात्र पूर्वी एसीचा बेल्ट तुटला तर फक्त घाम यायचा. आता एक तुटला की सगळंच एकदम बंद.

म्हणजे काय होतं? मे महिना, खंडाळ्याच्या घाटात गाड्यांची रांग, एसी पूर्ण जोरात. बॉनेटखालून फटफट आवाज येतो, डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो, एसीची हवा कोमट होते. ‘बॅटरी गेली वाटतं, वर पोचून बघू’ म्हणून चालक पुढे जात राहतो. खरा घोळ इथेच आहे. पाण्याचा पंप याच बेल्टवर असेल तर इंजिनातलं कूलंट आता जागच्या जागी उकळत असतं. रेडिएटरचा पंखा मात्र विजेवर चालतो, तो बॅटरीच्या जिवावर जोरात घोंगावत असतो आणि सगळं ठीक असल्याचा भास देतो. अनेक नव्या गाड्यांत तापमानाचा काटाही नाही, नुसता दिवा. तो लागेपर्यंत हेड गॅस्केटवर आलेली असते. काहीशे रुपयांचा पट्टा अशा वेळी इंजिन उघडायला लावतो. बॅटरीचा दिवा आणि बंद पडलेला एसी ही जोडी दिसली की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, चढ संपायची वाट बघायची नाही.

इथे एक गल्लत नेहमी होते. टायमिंग बेल्ट हा वेगळा, दातांचा, कव्हरखाली झाकलेला. तो तुटला की अनेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. मारुती ८०० मध्ये तो होता. पुढच्या स्विफ्ट डिझेलमध्ये त्याच्या जागी साखळी आली. ‘आमच्या गाडीला चेन आहे, बेल्टची भानगडच नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या गृहस्थांच्या गाडीतही हा बाहेरचा बेल्ट असतोच.

आता मूळ मुद्दा. नजरेने बेल्ट तपासायची रीत ज्या रबरासाठी होती, ते रबरच आता बदललं आहे. पूर्वीचे कंगोऱ्यांचे पट्टे निओप्रीनचे असत. म्हातारे झाले की त्यांना आडव्या भेगा पडत. सुमारे ७५ मिलिमीटरच्या पट्टीत एका कंगोऱ्यावर तीन किंवा जास्त भेगा दिसल्या की बदला, असा सरळ हिशोब होता आणि तो पाहायला डोळे पुरत. गेल्या दोनेक दशकांत कंपन्या ईपीडीएम नावाच्या रबराकडे वळल्या. ते उष्णता जास्त सोसतं, लाखभर किलोमीटर सहज काढतं आणि त्याला भेगा जवळजवळ पडतच नाहीत. ते टायरसारखं झिजतं. कंगोऱ्यांमधल्या खाचा रुंद आणि खोल होत जातात, पट्टा पुलीत जास्त खाली बसतो आणि भार आला की घसरतो. वरून पाहावं तर काळाभोर, तुकतुकीत. ‘साहेब, एकही क्रॅक नाही, आरामात चालेल’ हे मेकॅनिकचं वाक्य खरं असतं. त्यातून बेल्टची अवस्था कळत नाही, एवढंच.

झीज मोजायला प्लॅस्टिकचं छोटं गेज मिळतं. त्याची काडी पट्ट्याच्या खाचेत ठेवायची. कंगोऱ्यांच्या वर उठून राहिली तर पट्टा चांगला. कंगोऱ्यांच्या पातळीला टेकली तर संपला. अर्ध्या मिनिटाचं काम. टायरला १.६ मिलिमीटरची मर्यादा असते आणि ती दाखवणाऱ्या खुणा टायरमध्येच ओतलेल्या असतात. बेल्टसाठी कायदा करा असं कोणी म्हणणार नाही, पण जॉबकार्डावर बरोबरच्या खुणेऐवजी ‘गेज लावलं, पास’ किंवा ‘नापास’ एवढं लिहायला सर्व्हिस सेंटरला काय जड आहे?

जड हे, की मोघमपणा दोन्ही बाजूंना सोयीचा आहे. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये किलोमीटरचा आकडा पाहून बेल्ट बदलायचा सल्ला मिळतो, जुना दाखवत नाहीत. गल्लीतल्या गॅरेजात तुटेपर्यंत त्याचं नावच निघत नाही. दोघांकडेही मोजमाप नाही. त्यात नुसत्या किलोमीटरवर शहरातल्या गाडीचा अंदाज चुकतो. सिग्नलला आणि कोंडीत इंजिन चालू, एसी चालू, बेल्ट फिरतोय आणि ओडोमीटर जागचा हलत नाही. पुण्यात किंवा ठाण्यात रोज दीड तास कोंडीत अडकणारी गाडी वीस हजार किलोमीटर कमी चालली म्हणून तिचा बेल्ट तरुण ठरत नाही.

आवाजाचंही तसंच. सकाळी गाडी सुरू केल्यावर किंचाळी उठली की कोणीतरी पट्ट्यावर साबण चोळतो. आवाज दोन दिवस जातो, साबणावर धूळ बसते आणि कंगोरे अधिक झिजतात. त्यापेक्षा बाटलीतून पाण्याची बारीक फवारणी कंगोऱ्यांच्या बाजूवर, लांबून, हात आणि ओढणी दूर ठेवून करावी. आवाज क्षणभर गेला तर पुल्या एका रेषेत नाहीत. वाढला तर ताण कमी आहे. दोन्ही वेळा दोष बेल्टचाच असतो असं नाही.

म्हणूनच बेल्ट बदलताना नुसता बेल्ट बदलणं हे अर्धं काम. इंजिन गार झालं, किल्ली काढली, की आधी पट्ट्याच्या वाटेचा फोटो काढायचा; अनेक गाड्यांत बॉनेटखाली आकृतीही चिकटवलेली असते. मग लांब दांड्याच्या पान्याने, पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा हात फिरवून ताण सोडायचा आणि पट्टा उतरवायचा. आता प्रत्येक पुली हाताने फिरवून बघायची. खरखर लागली किंवा पुली डुगडुगली तर बेअरिंग संपलेलं. इंजिन चालू असताना टेन्शनरचा हात सतत थरथरत असेल तर त्याची स्प्रिंग थकली आहे. नवा पट्टाही ती लवकरच खाईल. पट्ट्यावर ऑइल किंवा कूलंटचे डाग असतील तर गळती आधी शोधायची. काही गाड्यांत टेन्शनरच नसतो. ताणून बसवायचा लवचिक पट्टा असतो. तो स्क्रूड्रायव्हरने चढवायला गेलं की आतले धागे दुखावतात, त्याचं हत्यार वेगळं.

नवा चढवताना सगळ्यांत शेवटची, हाताला येणारी पुली गुळगुळीत असलेली बरी. मग बोट फिरवून प्रत्येक पुलीवर कंगोरे नेमके खाचांत बसलेत का, हे पाहायचं. एक कंगोरा बाहेर राहिला तर पट्टा कडेने फाटत जातो आणि गाडी गॅरेजपासून फार लांब जात नाही. इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं कव्हर स्पीडब्रेकरला घासून तुटलं म्हणून काढून फेकलेलं असेल तर तेही परत बसवायला हवं. पावसाळ्यात चाकाने उडवलेला चिखल आणि खडी थेट याच पट्ट्यावर येते.

विजेच्या गाड्यांत हा प्रश्नच नाही. तिथे एसीचा कॉम्प्रेसरही थेट विजेवर फिरतो. पण मधल्या टप्प्यातल्या गाड्यांत बेल्टचं महत्त्व उलट वाढलंय. मारुतीने २०१५ मध्ये सियाझ डिझेलला आणि २०१८ मध्ये अर्टिगा पेट्रोलला जी स्मार्ट हायब्रिड यंत्रणा दिली, तिच्यात सिग्नलला बंद झालेलं इंजिन स्टार्टर-जनरेटर पुन्हा सुरू करतो, तेही याच बेल्टमार्फत. वेग घेताना तो इंजिनाला थोडा हातभारही लावतो. म्हणजे पट्टा कधी इंजिनाकडून ओढला जातो, कधी इंजिनाला ओढतो आणि त्याच्यावरचा ताण दर सिग्नलला उलटसुलट होतो. साध्या बेल्टवर छापलेलं माप वाचणं सोपं आहे : ६पीके१०७० म्हणजे सहा कंगोरे, १०७० मिलिमीटर लांबी. अशा हायब्रिडसाठी मात्र पुण्याच्या नाना पेठेत जाऊन नुसतं माप सांगितलं तर त्या मापाचा कुठलाही पट्टा हातात पडेल आणि तो पुल्यांवर नीट बसेलही. आतल्या धाग्यांत तो उलटा भार पेलायची ताकद आहे का, ते मापावरून कळत नाही. त्यासाठी गाडीच्या मॉडेलचा पार्ट नंबरच मागावा लागतो.